पावसाळा, लोखंडी कपाट आणि वडिलांची दुनळी

वडिलांच्या माघारी त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक वारसाने माझ्या परवान्यावर आली. राधानगरीकडच्या आमच्या रानात गवे आणि डुकरं उतरतात, पीक राखायला म्हणून त्यांनी ती घेतली होती. गावी ती चुलीच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत कुलपात असायची. राधानगरीचा पाऊस काय असतो ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, तरी तिच्यावर गंजाचा ठिपका कधी दिसला नाही. इथे कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या जुन्या दगडी घराच्या तळमजल्यावर, चांगल्या लोखंडी कपाटात ठेवली आणि पहिल्याच श्रावणात नळ्यांच्या खालच्या अंगाला तांबूस पुरळ उठलं.

मी शिरोलीच्या एमआयडीसीत मशीनशॉपमध्ये तपासणीला आहे, त्यामुळे गंज मला नवीन नाही. मशीनिंग झालेलं कास्टिंग पावसाळ्यात रात्रभर उघडं राहिलं, तर कुणाची बोटं कुठं लागली ते सकाळी वाचता येतं. काहींच्या घामाला खारेपणा जास्त, त्यांना हातमोज्यांशिवाय पॅकिंगला बसवत नाहीत. पण घरातल्या बंद कपाटात, कुणाचा हात न लागता हे कसं झालं, ते कळेना.

आधी बंदुका दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडे गेलो. म्हातारा माणूस, चष्मा कपाळावर. अगदी बारीक, चार शून्याच्या स्टील वूलला तेल लावून त्यांनी तो नुसता फिरवला, घासला नाही. पुरळ गेलं, नळीची निळाई राहिली. ही निळाई म्हणजे लोखंडाचाच एक काळा ऑक्साइड. तो थर पातळ आणि सच्छिद्र असतो, तेल धरून ठेवतो, पण एकट्याने गंज अडवत नाही. मी म्हटलं, आता तेल भरपूर लावून ठेवतो. ते हसले. "साहेब, बंदूक हाय ती, लोणचं न्हवं."

जास्तीचं तेल ओघळून दस्त्यात मुरतं, लाकूड मऊ पडतं. खटक्याच्या यंत्रात ते धूळ धरून चिकट होतं. खोबरेल तर नकोच, थंडीत गोठून बसतं. बंदुकीचं तेल चिंधीवर घ्यायचं, पातळ हात फिरवायचा, नळीतून गजाने तेच करायचं. आणि नळ्यांची तोंडं खाली करून ठेवली तर दस्त्याकडे तेल उतरत नाही. रेक्झिनचं आतून लोकरी अस्तर असलेलं कव्हर त्यांनी बाजूला काढायला लावलं. ते अस्तर ओल पितं आणि नळीला चिकटून बसतं.

मग हवेतली ओल मोजणारा एक हायग्रोमीटर घेतला. स्वस्तातले हे काटे खोटं बोलतात, म्हणून आधी त्याचीच परीक्षा. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर चार थेंब पाणी, चिखलाइतपत ओलं. ते आणि मीटर एकाच घट्ट डब्यात रात्रभर. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. आमचा मीटर ६९ दाखवत होता, म्हणजे सहा मिळवायचे. मिळवून कपाटातला आकडा निघाला ८४. साठच्या वर गंजाचा वेग वाढतो आणि बंदुकीसाठी ४५ ते ५५ बरं मानतात, हे धरलं तर आमची दुनळी कपाटात नव्हे, वाफेत उभी होती.

आईचं म्हणणं, खिडक्या उघड, हवा खेळू दे. जुलैत पंचगंगेच्या काठची हवा आत घेतली तर आत येणार काय? ओलच. शिवाय कपाट बाहेरच्या दगडी भिंतीला टेकलेलं. भिंत गार, म्हणून मागचा पत्रा गार, आणि गार लोखंडाला लागून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता आणखी चढते. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, खाली लाकडी ठोकळे दिले. आकडा थोडा उतरला, पण पुरेसा नाही.

ओल शोषणाऱ्या सिलिका जेलबद्दल लोकांचा भलता समज आहे. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या जमवून टाकतात. हिशेब असा: अर्धा घनमीटर कपाट, २६ अंशांना ८० टक्के आर्द्रता, तर हवेत पाणी जेमतेम दहा ग्रॅम. पण कपाट हवाबंद नसतं, फटींतून ओल येतच राहते, लाकूड आणि कापडात मुरलेली वेगळीच. पाच ग्रॅमची पुडी एक-दीड ग्रॅम पिऊन गप्प बसते. मी नारिंगी जेल किलोने आणलं, जुन्या ओटीजीत १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरतो. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते घरात तापवायला नको. पाणी साठवणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या मात्र मी कपाटात शिरू दिल्या नाहीत. ते क्लोराइडचं पाणी नळीवर सांडलं तर गंजाला आमंत्रणच.

खरा फरक पडला तो पॅनेलच्या हीटरने. कारखान्यातल्या इलेक्ट्रिक पॅनेलमध्ये दव धरू नये म्हणून थर्मोस्टॅटचा छोटा हीटर बसवतात, तसलाच. २६ अंशांची ८० टक्के ओलीची हवा ३१ अंशांवर नेली की तीच हवा सुमारे ६० टक्के भरते. पाणी तेवढंच, पण तापलेल्या हवेला ते कमी वाटतं. गावची चूल इतकी वर्षं हेच करत होती! इलेक्ट्रिशियनकडून वायर नीट आत घेतली, हीटरजवळ कापड नाही, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात, वेगळ्या खोलीत. हीटर आणि जेल मिळून आकडा ५२-५३ वर येऊन थांबला.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली, तेव्हा हीटरचा उपयोग नव्हता. तिथे कारखान्याची विद्या कामी आली. निर्यातीच्या मालाला आम्ही व्हीसीआय पिशव्या वापरतो. त्यातून निघणारी वाफ धातूवर गंज अडवणारा अदृश्य थर धरते. पातळ तेल, व्हीसीआय पिशवी, तोंड बंद, वर पावती. परत घेताना सही करण्याआधी टॉर्च लावून दोन्ही नळ्या पाहिल्या. स्वच्छ.

खंडेनवमीला आई हळदकुंकू लावणारच, ओली फुलंही वाहणार. त्यावर वाद घालत नाही. आरती झाली की चिंधी घेऊन बसतो.

फेब्रुवारीत हीटर बंद करतो. उन्हाळ्यात दुपारची हवा इतकी कोरडी होते की दस्त्याचं लाकूड आक्रसायला लागतं, तेव्हा सुकवत राहणं बरं नाही. बायकोचा मध्यंतरी आग्रह होता की एवढं कोरडं कपाट आहे तर तिचा कॅमेरा आणि पैठण्याही त्यातच ठेवू. पण परवाना माझ्या नावावर, किल्लीही माझ्याकडेच राहायला हवी. मग तिच्या कपाटाला दुसरा हीटर आणला.