लोगन डीसीआय: टायमिंग बेल्ट आणि पुढचं सस्पेन्शन झालं

माझ्या लोगनचा, म्हणजे महिंद्र-रेनो भागीदारीतल्या डिझेल सेडानचा, टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा), तो ताणून धरणारा टेन्शनर आणि इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप एकदमच बदलून घेतले. या १४६१ सीसी इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, त्यामुळे एवढी खोलाखोल केल्यावर जुना पंप आत ठेवण्यात अर्थ नाही. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि थेट इंजिनाच्या हेडचंच (वरच्या भागाचं) मोठं काम निघतं. जुनी लोगन बघायला जाणाऱ्यांनी बेल्टचं बिल आधी मागा. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला लावा.

पार्ट मिळतील का, ही धास्ती मात्र नको. याच घराण्याचं इंजिन पुढे रेनो डस्टरमध्ये आणि निसानच्या डिझेल सनीतही आलं. शिवाय २०१० मध्ये रेनो भागीदारीतून बाहेर पडल्यावर महिंद्रने हीच गाडी व्हेरिटो नावाने चालू ठेवली.

सस्पेन्शनमधले पुढचे लोअर आर्म बुश, लिंक रॉड आणि स्ट्रट माउंटही नवे घातले. खड्ड्यातली खडखड पूर्ण गेली. लगेच घरची मंडळी आणि सामान भरून कसारा घाट चढून आलो. कागदावर ६५ हॉर्सपॉवर वाचून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा अशी भरलेली लोगन घाटात चालवावी. १६० एनएम टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, इंजिनाच्या २००० आरपीएमलाच मिळतो, तिसऱ्या गिअरवर गाडी शांतपणे ओढत राहते. वळणावर स्टिअरिंग हाताला रस्ता सांगतं, मागच्या सीटवर तिघं खरंच ऐसपैस बसतात.

आणि या गाडीला लोकांनी 'टॅक्सी' म्हणून निकालात काढलं! याचा मला अजून राग येतो. २००७ मध्ये ती आमच्या नाशिकमधल्या महिंद्रच्या कारखान्यातून बाहेर पडली. पुढची काच जवळजवळ सपाट, दोन्ही बाजूंचे आरसे एकाच साच्यातले. पैसा वाचवला तो अशा ठिकाणी. चासी आणि इंजिनात हात आखडला नाही. घात केला तो लांबीने. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांची एक्साइज (उत्पादन शुल्क) २४ वरून १६ टक्क्यांवर आली. डिझेलची १५०० सीसीची अट लोगन पाळत होती, पण लांबी सव्वाचार मीटर, म्हणून सवलत हुकली. साधी दिसणारी गाडी आणि किंमत मोठ्या गाडीची, मग गिऱ्हाईक थांबेल कशाला?

माझ्या लेखी खरी निराशा केली ती २०१३ च्या व्हेरिटो व्हाइबने. कर वाचावा म्हणून व्हेरिटोचाच मागचा भाग छाटून चार मीटरच्या आत बसवला आणि मागचे दिवे उभे करून काचेच्या कडेला चढवले. लोगनची मोठी कमाई म्हणजे ५१० लिटरची डिकी, नेमकी तीच गेली.

आता रंगकाम. ड्रायव्हरच्या दाराखाली पत्रा फुगलाय, तो कापून नवा तुकडा वेल्ड करायचाय. नुसती पुट्टी भरू देणार नाही. डाव्या हेडलाइटची काच पिवळी पडली आहे. नाशिक-पुण्याकडे कुणाजवळ चांगल्या अवस्थेतला जुना ओरिजिनल हेडलाइट असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन. सीटचं मूळ कापडही शोधतोय.