दर्या आणि दऱ्या

जुन्या फाँटांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा रूपात, आणणारी एक छोटी सॉफ्टवेअर लायब्ररी मी सात वर्षं रात्री जागून सांभाळली. मग पुण्यातल्या एका कंपनीने मला त्याच कामासाठी नोकरीवर घेतलं. आई म्हणाली, "म्हणजे फुकट करतोस त्याचेच पैसे?" मलाही तसंच वाटलं होतं.

रुजू होताना एका मुद्द्यावर मात्र अडून बसलो. वेगळा करार नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत लिहिलेल्या कोडची पहिली मालकी कंपनीची. मालकी खुशाल घ्या, पण कोड एमआयटी लायसन्सखालीच, म्हणजे कुणालाही फुकट वापरता-बदलता येईल असाच राहील आणि त्यात काय घ्यायचं ते मी ठरवीन, असं लेखी घेतलं. एचआरच्या बाईंना ते विचित्रच वाटलं.

चौथ्या महिन्यात ती लेखी अट कामी आली. एका ग्राहकाकडे दिवाळी अंकांचा मोठा साठा होता आणि त्यांच्या शोधात शब्द सापडत नव्हते. मजकुरात जागोजागी झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं अक्षर. मॅनेजर म्हणाले, "सगळे काढून टाक, संध्याकाळी रिलीज करू." एका ओळीचं काम. मीच लिहिलं, टेस्ट पास झाल्या, पॅच, म्हणजे कोडमधला तो बदल, लायब्ररीच्या पानावर सगळ्यांसमोर टाकला.

जेवून येतो तर खाली साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचा शेरा: "सह्याद्रीत समुद्र घुसवलात!" पाच वर्षं एक पैसा न घेता हे सर माझ्या चुका काढतायत.

'दऱ्या'तला तो अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ आणि हलन्त, म्हणजे पाय मोडल्याची खूण. दुसरी तऱ्हा जुनी: साधा र, हलन्त आणि जॉइनर. तिथे जॉइनर उडवला की रफार होतो, दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्याचा आचार्य. 'दुसऱ्या', 'बऱ्याच', 'वाऱ्यावर' हे तर पानोपानी. आणि माझ्या सगळ्या टेस्ट पहिल्या तऱ्हेच्या! पगार मला, आणि चूक पकडली सरांनी. कान गरम झाले.

पॅच मी बंद केला. मॅनेजर खुर्ची ओढून शेजारी बसले. "कंपनीच्या वेळात कंपनीचं काम नाकारतोयस?"

"नोकर म्हणून लिहिलं होतं. लायब्ररी सांभाळणारा म्हणून घेत नाही."

"दोघं एकच आहात ना?"

यावर माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. मी त्यांना त्यांच्याच ग्राहकाच्या मजकुरातलं एक पान पॅच लावून दाखवलं. दोन ओळी वाचून ते म्हणाले, "किती दिवस?"

तीन लागले. आधी जुन्या तऱ्हेचा र नुक्त्याच्या ऱमध्ये बदलायचा. उरलेले जॉइनर फक्त शोधाच्या सूचीतून गाळायचे, मूळ मजकुराला हात लावायचा नाही. ग्राहकाला मॅनेजरांनी काय सांगितलं, मी विचारलं नाही.

रिलीज झाल्यावर तासाभरात सरांचा आणखी एक पॅच आला. माझ्या नोंदीतल्या 'दुरूस्ती'तला रू त्यांनी ऱ्हस्व केला होता. तो मी ऑफिसच्या वेळातच घेतला.