लायब्ररीतली टोपली आणि माझ्या कादंबरीतली आजी

एडिनबरोला आल्यावर पहिल्याच महिन्यात सेंट्रल लायब्ररीच्या टॉयलेटमध्ये ती टोपली दिसली आणि मी तिथेच उभी राहिले. आत पॅड, टॅम्पॉन, वर चिठ्ठी, लागतील तेवढे घ्या. कुणाला विचारायचं नाही, सही नाही, पैसे नाहीत. घरी येऊन शोधलं तर कळलं की हा चक्क कायदा आहे, नोव्हेंबर 2020 मध्ये इथल्या संसदेत एकमताने पास झालेला, ऑगस्ट 2022 पासून पूर्ण लागू, ज्याला गरज आहे त्याला कौन्सिलने आणि शाळा-कॉलेजांनी हे फुकट द्यायचंच, आणि असा कायदा करणारा स्कॉटलंड जगातला पहिला देश. आमच्या गावचा मेडिकलवाला पेपरात गुंडाळून वर काळी पिशवी घालून द्यायचा आणि त्या काळ्या पिशवीमुळेच अख्ख्या रस्त्याला कळायचं आत काय आहे ते.

तेव्हा माझी कादंबरी सहा प्रकरणं होऊन अडकली होती. पहिलीच कादंबरी, साताऱ्याकडच्या एका गावातल्या आठवीतल्या मुलीची, जिला दर दिवाळीला साय-हळद चोळून 'जरा उजळेल' असं सांगितलं जातं आणि जी हळूहळू स्वतःचं तोंड आरशात नीट बघायला शिकते. रंगाबद्दल मी भरभरून लिहिलं, पण पाळीचं प्रकरण सरळ गाळलं होतं. आई वाचेल, काकू वाचतील, ही लाज. त्या टोपलीने ती मोडली, सातवं प्रकरण मी त्याच आठवड्यात लिहिलं.

त्यात मुलगी चार दिवस बाजूला बसते, वेगळं ताट, वेगळं अंथरूण, आणि तिसऱ्याच दिवशी झालं म्हणून खोटं सांगून स्वयंपाकघरात येते कारण दुसऱ्या दिवशी गॅदरिंग असतं. हे माझंच.

इथल्या लेखनगटात मी मोडकंतोडकं इंग्रजी करून ते वाचून दाखवलं. सगळ्या खूप मायेने ऐकत होत्या, एकीने हात पण धरला, आणि मग म्हणाली की आजीला अजून क्रूर कर, वाचणाऱ्या मुलींना राग यायला पाहिजे. मला इतकं लागलं ते! माझी आजी क्रूर नव्हती हो. तिला स्वतःला न्हाण आलं तेव्हा मखरात बसवलं होतं, ओटी भरली होती, बायकांनी गाणी म्हटली होती, ते ती म्हातारपणी पण हसत सांगायची. आणि आपल्याकडे काहीच होत नाही असंही नाही, झेडपीच्या शाळेतल्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅड देणारी अस्मिता योजना 2018 मध्येच आली की. हे सगळं मी तिथे तावातावाने सांगितलं. मग बसमधून घरी येताना मात्र आठवत राहिलं की त्या चार दिवसांत मी पाणी मागितलं तर आजी तांब्या लांबून सरकवायची. तेही खरंच होतं आणि ते मी कादंबरीतून काढणार नाहीये.

कादंबरी मराठीतच लिहितेय. माझी लेक इथेच शिकतेय, शाळेतून पॅड आणते ते टेबलावर तसेच ठेवते, तिला देवनागरी अजून अडखळत वाचता येतं. ती म्हणते, मग मी कशी वाचणार? मी म्हटलं, मी वाचून दाखवेन. साताऱ्याची आजी इंग्रजीत बोलायला लागली की ती माझी आजी राहत नाही, काय करू.

परवा धीर करून आईला फोनवर ते प्रकरण वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, तू खोटं बोललीस ते त्यांना कळलं होतं."

"मग?"

"मग काय, देवघराचा पडदा ओढला आणि मला म्हणाल्या, पोरीचं पान आत वाढ, उद्या तिला नाचायचंय."

सातवं प्रकरण परत लिहायला घेतलंय.