10 लाखांची शिल्लक, कागदावर तरी

होम लोनच्या डेस्कवर बसून बरीच वर्षं झाली आणि ऑफसेट लोन विकताना माझी एक ठरलेली टेप असायची, की बघा सर, लोन 40 लाख, सेव्हिंग 10 लाख, ते लोनला जोडलेल्या खात्यात ठेवा, व्याज फक्त 30 लाखांवर, आणि पैसे लागले तर कधीही काढा. माणूस खूश, सही करून मोकळा.

त्या दिवशीचं जोडपं नेमकं याच आकड्यांचं. साधं लोन साडेआठ टक्क्यांनी, ऑफसेट नऊने (सोय हवी तर रेट जरा चढाच असतो). मी सवयीने हिशोब मांडला: साध्या लोनला वर्षाचं व्याज साधारण 3 लाख 40 हजार, ऑफसेटला 2 लाख 70 हजार, म्हणजे 70 हजार वाचले. तेच 10 लाख साडेसहा टक्क्यांच्या एफडीत टाकले तर 65 हजार मिळणार, त्यातून 30 टक्के टॅक्स गेला की हातात 45,500. वाचलेल्या व्याजावर टॅक्स कुठून लागणार, ते काही उत्पन्न नाही. "24,500 चा सरळ फायदा," मी म्हटलं. नवऱ्याने पेन उचललं पण.

बायको इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "हे 10 लाख वर्षभर तसेच पडून राहणार असं धरलंय ना तुम्ही?" मग नवऱ्याकडे वळून, "अरे, 7 लाख पुढच्या महिन्यात फीला जाणारेत."

तो म्हणे हो, ते आहेच. आहेच काय! मी 3 लाख धरून परत केलं. 37 लाखांवर नऊ टक्के, 3 लाख 33 हजार, वाचले फक्त 7 हजार. आणि 3 लाखांच्या एफडीतून टॅक्स जाऊन 13,650 मिळाले असते, म्हणजे ऑफसेट उलट तोट्यात. मग मीच हट्टाने शोधत बसलो की पारडं फिरतं कुठे, तर या रेट्सना साडेचार लाखांच्या आसपास, तेवढी शिल्लक कायम टिकत नसेल तर आपण चढा रेट फुकट भरतोय.

बाईंचं अजून संपलं नव्हतं. "आणि 10 लाख खरंच लागणार नसते, तर लोनमध्येच भरून टाकले असते ना?" बरोबर होतं. साडेआठनेच 30 लाखांवर 2 लाख 55 हजार, ऑफसेटपेक्षा 15 हजार कमी. म्हणजे पैसे हवे तेव्हा काढता यावेत याचीच ती वर्षाची किंमत. इतक्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, न विचारलेलं सांगायची माझीही घाई नसायची.

धंदेवाल्यांचं वेगळं असतं हं. टॅक्सचे, गिऱ्हाइकांच्या अॅडव्हान्सचे पैसे महिनोन्महिने खात्यात थांबतात, व्याज रोजच्या शिल्लकीवर मोजलं जातं, तिथे वीस दिवस पडलेली रक्कमही कामाला येते. अशांना मी ते आजही डोळे झाकून देतो.

या दोघांनी साधं लोन घेतलं, 3 लाख अडीअडचणीला बाजूला ठेवले. जाताना बाईंनी हिशोबाचा कागद मागितला, मी दिला, आणि ते गेल्यावर आठवलं की मागच्या बाजूला माझं त्या महिन्याचं ऑफसेटचं टार्गेट लिहिलं होतं.