निळ्या पट्ट्यामागे

झाडाच्या खोडावर, साधारण डोळ्यांच्या उंचीवर, निळ्या रंगाचा एक पट्टा: पायी चालायच्या वाटेची खूण. जेमतेम तळहाताएवढा. त्यावर ना बाण, ना अंतर. ऑस्लोभोवतीच्या जंगलात शिरलं की पुढचे पाच-सहा तास याच्याच भरवशावर काढायचे असतात. तिठ्यावर लाकडी पाट्या असतात, त्यांवर तळ्यांची आणि विसाव्याच्या घरांची नावं असतात. पण दोन पाट्यांच्या मधला सगळा कारभार या पट्ट्याकडे.

एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे, हा खूण रंगवण्याचा साधा हिशोब. जाणाऱ्याला दिसतो तसा येणाऱ्यालाही दिसावा म्हणून पट्टा खोडाच्या दोन्ही बाजूंना ओढतात. पाइनची साल पापुद्र्यांनी सुटते, म्हणून रंग लावण्याआधी ती वरवर खरवडून घ्यावी लागते, नाहीतर सालीबरोबर खूणही गळून पडते. हे काम डीएनटी या १८६८ सालच्या पदयात्री संघटनेची ऑस्लो शाखा बघते आणि रंगवणारी माणसं बहुतेक स्वयंसेवक. असल्या कामाला नॉर्वेत ‘डुगनाड’ म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, श्रमदान.

आता लाल रंगाचं. जंगलातला लाल पट्टा म्हणजे हिवाळ्यातली स्कीची वाट. ती बघणारी संघटना वेगळी, १८८३ सालची. स्कीवाल्याला तळं आणि दलदल म्हणजे सपाट, गोठलेला राजमार्ग. जुलैत त्याच लाल खुणांमागे गेलात तर वाट तुम्हाला इमानेइतबारे पाण्याच्या काठावर आणून सोडते आणि पुढची खूण पलीकडच्या काठावर दिसते. यात हमखास फसतो तो डोंगर हिंडून आलेला माणूस. वर उघड्या माळावर दगडांच्या ढिगांवर लाल ‘टी’ काढलेला असतो आणि तिथे लाल म्हणजेच चालायची वाट. भरीला अवघडपणाचे रंग आणखी वेगळे: पाटीवर हिरवी वाट सोपी, निळी मध्यम, लाल कठीण, काळी जाणकारांची. झाडावरचा निळा रंग मात्र अवघडपणाबद्दल अक्षरही बोलत नाही. एकाच झाडावर निळा आणि लाल दोन्ही पट्टे दिसले तर गोंधळू नये. तेवढ्या टप्प्यापुरत्या दोन्ही वाटा एक झालेल्या असतात.

ऑस्लोच्या पूर्वेचं ओस्टमार्का हे जंगल घ्या. २०२३ पासून त्याचा एक भाग राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्या भागाचा गाभा त्याआधीही राखीव जंगलच होता. इथला खडक नाइस (gneiss) या पट्टेदार जातीचा, घड्या उत्तर-दक्षिण. त्यामुळे डोंगरसोंडा, दऱ्या, तळी सगळी त्याच दिशेने ताणलेली. उत्तर-दक्षिण चाललात तर दरीच्या कडेने बरंच अंतर कापलं जातं. पूर्व-पश्चिम निघालात की दर थोड्या वेळाने चढ, उतार, चिखल, पुन्हा चढ. उंची फार नसते, ३०-४० मीटरच, पण दहावेळा. नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात, म्हणून यातला एकेक चढ कागदावर एक-दोन रेषांतच उरकतो. अशा वाटेवर तासाला तीन किलोमीटरपेक्षा जास्त धरू नये. खडीच्या रस्त्यावरचा वेग इथे लावला की अंधार गाठतोच. डिसेंबरच्या शेवटी ऑस्लोत दिवसच जेमतेम सहा तासांचा असतो.

दलदलीवरून जायला फळ्या टाकलेल्या असतात: आडव्या ओंडक्यांवर लांबीने दोन फळ्या. कोरड्या असताना गालिचा, ओल्या झाल्या की साबण. काही ठिकाणी घसरू नये म्हणून त्यांवर जाळी ठोकतात. फळ्या नसतील तिथे रंग बघायचा. भडक, पोपटी शेवाळ म्हणजे खाली पाणीच; त्यावर पाय द्याल तर घोट्यावर निभावलं तरी नशीब. हेदरची खुरटी झुडपं आणि खुजे पाइन उभे असतील तो उंचवटा धरायचा, तिथे मुळांनी जमीन बांधलेली असते. चिखल चुकवायला कडेकडेने जाण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण प्रत्येकाने तेच केलं की कडेचं शेवाळ मरतं, चिखल रुंदावतो आणि पुढचा आणखी बाहेरून जातो. चिखलाच्या मधूनच जायचं. म्हणून तर इथली जुनी माणसं महागडे बूट घरी ठेवून सरळ गमबूट घालतात, आणि माझं मत विचाराल तर या जंगलापुरतं तेच शहाणपणाचं.

राखीव जंगलात निळ्या पट्ट्याची आणखी एक पंचाईत. इथे झाड पडलं तर पडून राहतं. ओंडके, वठलेले उभे बुंधे यांवरच बुरशी, किडे, सुतारपक्षी जगतात. मेलेलं लाकूड हा इथल्या संसाराचा निम्मा पाया. वाटेवर आडवं पडलेलं खोड कापलं तरी माणूस जाईल एवढंच कापायचं, उरलेलं तिथेच. पण वादळाने किंवा साल पोखरणाऱ्या किड्याने पडणाऱ्या झाडाला आपल्या अंगावर खूण आहे याची काय पर्वा? स्प्रूसची मुळं तर उथळ, जोराच्या वाऱ्यात ती मातीच्या थाळीसकट उपटली जातात. मग निळा पट्टा पोटाखाली घेऊन झाड निजलेलं असतं आणि आपण पुढची खूण शोधत उभे.

अशा वेळी नेमकी एखादी ठळक, मळलेली वाट समोर दिसते. ती मूसची, म्हणजे इथल्या अजस्र हरणाची असते. सहाशे किलोपर्यंत भरणारं जनावर वाट छान पाडतं, पण त्याचा मुक्काम दाट बर्चच्या गचपणात असतो, तुमचा मेट्रो स्टेशनावर. आपल्याकडे ढोरवाटेने असाच चकवा लागतो. शंभरेक पावलांत निळं काही दिसलं नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे यावं आणि तिथे उभं राहून चहूकडे बघावं. बहुतेक वेळा पुढची खूण वळणाआड असते. नॉर्वेत एका चॉकलेटच्या वेष्टनाच्या आत डोंगरात वागण्याचे नियम छापतात, त्यातला आठवा हाच आहे: वेळीच मागे फिरा, परत फिरण्यात लाज नाही.

बाकी कायदा सैल आहे. १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात कुणालाही हिंडायची मुभा आहे. तंबू वस्तीच्या घरापासून १५० मीटर लांब ठोकायचा. राखीव जंगलांना मात्र आपापले नियम असतात. तंबूला बंदी असू शकते, वाळकं लाकूडही नेता येत नसतं, म्हणून आधी तिथली पाटी वाचावी. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ आग पेटवायची नाही. कुत्रा १ एप्रिल ते २० ऑगस्ट दोरीवर, कारण जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचे ते दिवस. ब्लूबेरी मात्र बहुतेक ठिकाणी खुशाल खावी.

ब्लूबेरीचा हंगाम सरता सरता हरणमाशी येते. ही चावरी माशी मूसची वाट बघत झुडपांवर बसते, तिला माणूसही चालतो. अंगावर उतरली की पंख गाळते आणि केसांत शिरते. इतकी चपटी की बोटाने चिरडत नाही, दोन नखांतच धरावी लागते. गोचिडी तर वसंतापासूनच असतात. त्या गुडघ्यामागे आणि कमरेच्या पट्ट्याखाली सापडतात, हरणमाशी मानेवर आणि कानांमागे. मेट्रोत बसायच्या आधी कॉलर उलटी करून बघावी. शेजारी बसणाऱ्याला त्यात वावगं वाटत नाही, तोही तेच करत असतो.