ब्लीचशिवाय लालसर केस, तेही बोअरच्या पाण्यात

हेअर कलरच्या खोक्यावरचा फोटो बघून शेड घेऊ नका. त्या मॉडेलचे केस आधीच फिकट केलेले असतात, आपले मुळातच काळे नाहीतर गडद तपकिरी. तीच ट्यूब आपल्या केसांवर दोन-तीन छटा गडद बसते. खोक्यावर लालभडक दिसतं आणि डोक्यावर येतो तो उन्हात चमकणारा लालसर तपकिरी. तेवढंच हवं असेल तर ब्लीचची काही गरज नाही. गडद केस थोडेसे उजळले की आतून निघतो तो मुळातच लाल-तांबूस रंग. म्हणजे लाल छटा चढवताना आपले केस आपल्याच बाजूने असतात, राखाडी किंवा सोनेरी करायला गेलं की नडतात. चेरीसारखा झगझगीत लाल मात्र ब्लीचशिवाय होत नाही. तो हट्ट घरी करू नये.

ट्यूबवर ५.५, ४.६ असे आकडे असतात. टिंबाच्या आधीचा आकडा गडदपणाचा: १ म्हणजे काळा, १० म्हणजे सगळ्यात फिकट. गडद तपकिरी साधारण ३. टिंबानंतरचा आकडा छटेचा, आणि तो कंपनीगणिक बदलतो. एकीकडे ६ म्हणजे लाल, तर दुसरीकडे ४ म्हणजे लाल. त्यामुळे दुकानातला चार्ट बघितल्याशिवाय आकड्यावर भरवसा ठेवू नका. ३ च्या केसांवर ४ किंवा ५ मधली महोगनी, बरगंडी किंवा तांबूस शेड नीट बसते. सोबत ट्यूबमध्ये मिसळायचा २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड. तो एक-दोन छटा उजळतो आणि आपल्याला तेवढंच पाहिजे. १० व्हॉल्यूममध्ये रंग जेमतेम दिसतो. ३० किंवा ४० आणून 'जास्त उठेल' असं म्हणणारे खूप भेटतील. उठतं खरं, पण लाल रंग सगळ्यात लवकर उतरतो आणि उतरला की खाली उजळलेला नारिंगी थर उघडा पडतो. महिन्याभरात केस गंजल्यासारखे दिसतात ते त्यामुळे.

केसांवर आधीचा काळा कलर असेल तर नवीन ट्यूब तो काढत नाही, कारण कलर कलरला उजळवत नाही. नुकती उगवलेली मुळं लाल आणि खालचे केस काळेच, असं ध्यान होतं. तिथे पार्लरमध्ये जुना रंग काढून घेण्याशिवाय इलाज नाही. तयार 'काळी मेहंदी' लावत असाल तर जास्त सांभाळा. काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात. त्यावर पेरॉक्साईड पडलं तर केस तापतात, तुटतात, कधी हिरवट होतात. कानामागची एक बारीक बट घ्या, तयार मिश्रण लावा, वेळ भरल्यावर धुवा. तापली किंवा रबरासारखी ताणली गेली तर तिथेच थांबा. रंग कसा आला तेही याच बटेवर कळतं, फक्त ट्यूबलाइटखाली बघू नका, उन्हात धरा.

ॲलर्जीची चाचणी वेगळी. बहुतेक पक्क्या रंगांत पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायअमीन) हे ॲलर्जी आणू शकणारं रसायन किंवा त्याच कुळातलं दुसरं असतं. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून ४८ तास बघा. खाज, पुरळ, सूज यांपैकी काहीही आलं तर ट्यूब परत करा नाहीतर फेकून द्या. आधी दहा वेळा काही झालं नाही म्हणून अकराव्या वेळी होणार नाही असं नसतं.

आता पाणी. लातूर, बीड, धाराशिवकडच्या बोअरचं पाणी वापरणाऱ्याला क्षार काय असतात ते सांगावं लागत नाही. बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉईलवर जो पांढरा थर बसतो तोच केसांवरही बसतो. त्या थरावर रंग सारखा चढत नाही, एकीकडे गच्च तर एकीकडे फिका. पाण्यात लोह असेल तर छटा मळकट येते. म्हणून रंगाच्या आदल्या दिवशी चिलेटिंग, म्हणजे क्षार काढणाऱ्या, किंवा हार्ड वॉटरसाठीच्या शाम्पूने एकदा धुवा, फेस दोन-तीन मिनिटं ठेवून. त्याआधी दोन दिवस तेल नको. शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्याने करा, अर्धी बादली पुरते.

खांद्यापर्यंतच्या केसांना ६० ग्रॅमची एक ट्यूब आणि ९० मिली डेव्हलपर. ट्यूबवर १:१ लिहिलं असेल तर ६० मिलीच. कमरेपर्यंतची वेणी असेल तर दोन-तीन ट्यूबा आणून ठेवा, कमी पडलं की अर्ध्यावर पळापळ होते. भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं घ्या, स्टीलची वाटी नको. कपाळ, कान, मानेला व्हॅसलीन लावा. केस कोरडे ठेवा, चार भाग करा, मागून सुरुवात करून बोटभर जाडीच्या बटा घ्या.

पहिल्यांदाच रंगवताना मुळं सोडून, टाळूपासून दोन बोटं खाली लावा. टाळूच्या उष्णतेने मुळं लवकर उजळतात. सगळीकडे एकदम लावलं तर भांगाजवळ नारिंगी पट्टा आणि खाली गडद, ही सगळ्यात नेहमीची चूक. २० मिनिटांनी मुळांना लावा, नंतर ट्यूबवरच्या वेळेपर्यंत थांबा, बहुतेक वेळा एकूण ३५ मिनिटं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसू नका, उष्णतेने मुळं आणखी उठतात. पंख्याखालीही नको, मिश्रण वाळलं की काम थांबतं. धुण्याआधी चमचा-दोन चमचे पाणी घेऊन बोटांनी मळा, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस शाम्पू नाही.

पांढरे केस जास्त असतील तर निव्वळ लाल ट्यूब त्यांवर गुलाबी-नारिंगी ओरडते. निम्मी लाल आणि निम्मी त्याच आकड्याची साधी तपकिरी मिसळा.

मेहंदीचं गणित वेगळं. ती केस उजळवत नाही, फक्त वर रंग चढवते, म्हणून गडद केसांवर लाली उन्हातच दिसते. खांद्यापर्यंतच्या केसांना २०० ग्रॅम शुद्ध पूड, कोमट पाणी, थोडं लिंबू. उन्हाळ्यात दोन-तीन तासांत रंग सुटतो, थंडीत रात्रभर भिजवा. लाल हवी असेल तर लोखंडी कढई टाळा, त्यात ती काळपट होते. आवळाही नको. धुतल्यावर नारिंगी दिसलं म्हणून घाबरू नका, दोन-तीन दिवसांत गडद होतं.

टिकवायचं तर आठवड्यातून दोनदाच धुणं, सल्फेट नसलेला शाम्पू, कोमटपेक्षा गरम पाणी नाही. शेवटी लिटरभर फिल्टरच्या पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून ओता. बेचाळीस अंशांच्या उन्हात गाडीवरून फिरताना डोकं झाका, ऊन रंग खातं. पहिले दोन आठवडे स्कार्फ आणि उशीचा अभ्रा गडदच वापरा. घामासोबत गुलाबी ओघळ कॉलरवर उतरतो आणि पांढऱ्या सुतावरून जाता जात नाही.

पाच-सहा आठवड्यांनी मुळं दिसायला लागली की फक्त मुळांनाच ट्यूब लावा. खालच्या केसांवर दरवेळी डेव्हलपर ओढला तर टोकं कोरडी पडून रंग धरायचं सोडतात. त्यांच्यासाठी लाल छटेचा कलर कंडिशनर, १० मिनिटं, पंधरवड्यातून एकदा.