बॅकयार्ड गटाची तयारी: रिब्स मार्गी, कोंबडीचं अजून बघतोय

बार्बेक्यूच्या, म्हणजे धुरावर मंद शिजवलेल्या मांसाच्या, स्पर्धेच्या तयारीत मागच्या नोंदीपासून एवढी प्रगती: रिब्स (डुकराच्या बरगड्या) आता वेळेवर आणि बऱ्याचदा एकसारख्या होतात, कोंबडीची कातडी अजून रडवते, आणि परीक्षकांसाठी डबा भरणं हे वेगळंच काम आहे हे पक्कं कळलंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी कॅन्सस सिटीजवळ राहतो. इथे अमेरिकन रॉयलची बार्बेक्यू स्पर्धा १९८० पासून भरते, त्यामुळे या नादाला लागायला वेगळं कारण लागत नाही. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या, म्हणजे अशा स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या केसीबीएस संस्थेच्या, मुख्य गटात चार मांसं असतात: कोंबडी, रिब्स, पोर्क (डुकराच्या खांद्याचं मांस) आणि ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस). आमच्या घरात गोमांस शिजत नाही, त्यामुळे ब्रिस्केटचा प्रश्नच येत नाही. हौशी लोकांच्या बॅकयार्ड गटात साधारणपणे कोंबडी आणि रिब्स एवढंच असतं. प्रवेश फी कमी, सामान कमी, रात्रभर जागरण नाही. सुरुवात करायची तर इथूनच, असं माझं ठाम मत.

सराव मी परीक्षकांकडे डबा देण्याच्या मुख्य गटाच्याच वेळा धरून करतो: कोंबडी बारा वाजता, रिब्स साडेबाराला. पाच मिनिटं आधी किंवा पाच मिनिटं नंतर चालतं, त्यापुढे डबा बाद. म्हणून सगळं वेळापत्रक उलटं मांडायचं. रिब्स सव्वासातला चढतात, पावणेदहाला फॉइलमध्ये जातात. त्याच वेळी त्यांना खालच्या जाळीवर सरकवून वर कोंबडी. रिब्स गुंडाळलेल्या असल्याने वरून काही गळलं तरी बिघडत नाही. स्मोकर, म्हणजे कोळशाच्या धुरात मांस शिजवायचं उपकरण, १८ इंची वेबर स्मोकी माउंटन. न पेटवलेल्या ब्रिकेट्सच्या (दाबून केलेल्या कोळशाच्या वड्यांच्या) मधोमध खळगा करून त्यात चिमणीतले (कोळसे पेटवायच्या नळकांड्यातले) पेटलेले थोडे कोळसे ओततो (हीच मिनियन पद्धत), आणि खालचे व्हेंट (हवेची भोकं) जवळजवळ मिटवून २७५ अंश फॅरनहाइटवर बसवतो. लाकूड चेरीचं, सोबत हिकरीचा एकच तुकडा. जास्त हिकरी टाकली की कोंबडी कडू लागते. गॅस आणि वीज मांस शिजवायला चालत नाही, लाकडाच्या गोळ्या जाळणाऱ्या पेलेट स्मोकरला पंख्यासाठी आणि गोळ्या ढकलायला लागणारी वीज मात्र चालते. यावर वाद घालणारे खूप आहेत. मी त्यात पडत नाही.

रिब्सबद्दल घरचे आणि परीक्षक यांचं कधीच पटणार नाही. घरी हाड हातात घेतलं की मांस आपोआप गळून पडावं, म्हणजे वाहवा. स्पर्धेत ते जास्त शिजलेलं धरतात. चावा घेतला की तेवढंच मांस सुटून यावं, बाकीचं हाडाला चिकटून राहावं आणि चाव्याची अर्धगोल खूण स्वच्छ दिसावी. माझ्या स्मोकरवर हे अडीच तास उघड्यावर, दीड तास फॉइलमध्ये (लोणी, ब्राऊन शुगर, मध) आणि शेवटची वीसेक मिनिटं सॉस लावून, अशा हिशोबात बसतं. तरी घड्याळावर पूर्ण विसंबायचं नाही. फॉइल उघडल्यावर दोन हाडांच्या मध्ये थर्मामीटरची सुई टोचून बघायची; लोण्यात शिरल्यासारखी गेली तर ठीक, किंचित अडली तर पुन्हा दहा मिनिटं.

मसाल्याचंही सांगतो. परीक्षक ओळीने सहा जणांची कोंबडी, मग सहा जणांच्या रिब्स चाखतात. मीठ आणि तिखट साचत जातं. माझा हात मुळातच तिखटाचा, त्यामुळे केयेन (तिखट मिरचीची पूड) काढून टाकली. पॅप्रिकाच्या जोडीला थोडी ब्याडगी घालतो, रंग छान येतो आणि जिभेला झोंबत नाही. कॅन्सस सिटीचा सॉस टोमॅटो आणि मोलॅसिसचा (काकवीचा), गोडच. परीक्षकांची जीभ त्यावर पोसलेली असते, तिच्याशी भांडून गुण मिळत नाहीत.

आता कोंबडी. थाय (मांडीचा तुकडा) वापरतो, हाडासकट. कातडी उलटी करून धारदार सुरीने आतली चरबी खरवडायची, इतकी की खालचं बोट दिसलं पाहिजे. मग ती परत गुंडाळायची. काम कंटाळवाणं आणि दर थोड्या वेळाने कातडी फाटतेच. एवढं करूनही पहिल्या चाव्यात कधीकधी सगळी कातडी सोलून हातात येते, आणि मऊपणाचे गुण गेले. सध्या लोण्याच्या ट्रेमध्ये अर्धा वेळ, मग उघड्या जाळीवर, आत १७५ अंश झाल्यावर काढायची, असं चाललंय. मांस मस्त होतं. कातडी दहातल्या सात तुकड्यांवर ठीक, आणि डब्यात सहा तुकडे तरी हवेतच, म्हणून जास्तीचे शिजवणं भाग आहे.

डबा नऊ इंची थर्मोकोलचा. खाली हिरवं लेट्यूस, पार्सली, कोथिंबीर किंवा केल (एक पालेभाजी) चालतं. लाल टोकाचं लेट्यूस चालत नाही. सॉसचं थारोळं नको. पार्सली गच्च बसवून हिरवळ करायची तर हात बसावा लागतो, म्हणून ती आदल्या रात्री उरकतो. मांस मात्र स्पर्धेच्या अधिकाऱ्यांची तपासणी होईपर्यंत नुसतं छाटून ठेवायचं, मसाला नंतरच.

नवख्यांना एकच आग्रह: परीक्षक होण्यासाठीचा एका दिवसाचा वर्ग करा. दिसणं, चव, मऊपणा, प्रत्येकाला २ ते ९ गुण. सहापैकी सर्वांत कमी देणाऱ्याचे गुण धरत नाहीत, आणि प्रत्येक निकषाचा भार धरून पूर्ण गुण १८०. त्यात चवीचा वाटा निम्म्याहून जास्त, दिसण्याचा सर्वांत कमी. हे समजल्यावर मी पार्सलीवरचा जीव थोडा कमी केला आणि तो वेळ कातडीला दिला.

पुढचा सराव वाऱ्याच्या दिवशी मुद्दाम बाहेर करणार आहे, गॅरेजच्या आडोशाशिवाय, कारण मैदानात आडोसा मिळेलच असं नाही. थायची कातडी कोणी मफिन ट्रेमध्ये जमवली असेल तर किती वेळ ठेवता ते जरूर सांगा.